आरोग्य समिती आणि बाल संरक्षण समितीत तुमचं नाव लागलंय? मग सुरुवात इथून करा

ग्रामपंचायतीची निवडणूक होते, सरपंच-उपसरपंच ठरतात आणि मग एखाद्या मासिक सभेत समित्यांची नावं वाचली जातात. पाणीपुरवठ्याच्या कामांवर, रस्त्यांवर सगळ्यांचा डोळा असतो. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आणि ग्राम बाल संरक्षण समिती ही दोन नावं आली की सभा थोडी सैल पडते. "ताई नवीन आहेत, त्यांना घ्या," असं कुणीतरी म्हणतं आणि तुमचं नाव लागतं. बचत गटातून, पालकांतून किंवा तरुण मंडळातून आलेल्या सदस्यांचंही असंच होतं.

या दोन समित्या बिनमहत्त्वाच्या आहेत असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. बाळंतिणीला गाडी वेळेवर मिळते का, विहिरीत टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लिचिंग पावडर) पडतं का, नववीतली मुलगी अचानक शाळेत यायची का थांबली, हे सगळं इथे विचारायचं असतं. अंगणवाडी, उपकेंद्र, शाळा, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत ही पाच दारं वेगवेगळ्या खात्यांची आहेत. त्यांनी गावात एका सतरंजीवर बसावं म्हणूनच या समित्या आहेत.

दोन्ही समित्यांचा स्वभाव मात्र एकमेकींच्या उलट आहे, आणि ते पहिल्या दिवशीच डोक्यात पक्कं बसायला हवं. आरोग्याचा प्रश्न चारचौघांत मांडला, लिहिला, पुन्हा पुन्हा विचारला तर सुटतो. मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न कमीत कमी लोकांत ठेवून लवकरात लवकर योग्य हाती दिला तर मूल वाचतं. आपल्याकडे बहुतेक वेळा नेमकं उलट होतं. औषधं नसल्याची कुजबुज होते आणि एखाद्या पोरीची गोष्ट पारावर चघळली जाते.

आधी दप्तर मागा

पहिल्या बैठकीआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे, म्हणजे ज्यांना आपण अजूनही ग्रामसेवक किंवा भाऊसाहेब म्हणतो त्यांच्याकडे, आणि आशाताई व अंगणवाडी सेविकेकडे जा. समिती स्थापन झाल्याचा ठराव, सदस्यांची यादी, मागच्या वर्षभराचं प्रोसिडिंग बुक (सभेचं इतिवृत्त लिहायची वही) आणि बँकेचं पासबुक बघायला मागा. सदस्य म्हणून तो तुमचा हक्क आहे. "कशाला पाहिजे?" असा सूर लागला तर हसून म्हणा, "काम शिकायचंय."

यादीत मयत झालेल्या, गाव सोडून गेलेल्या लोकांची नावं निघतील. ती बदलून घ्या. आरोग्य समितीबद्दलच्या राष्ट्रीय सूचनांनुसार किमान १५ सदस्य असावेत, त्यातल्या निम्म्या तरी महिला असाव्यात, आणि अध्यक्षपदी पंचायतीच्या निवडून आलेल्या सदस्य, शक्यतो महिला, असाव्यात. वाड्या-वस्त्या, पाडे, वेगवेगळे समाज यांचं प्रतिनिधित्व हवं. गावठाणातलेच पंधरा जण असतील तर दूरच्या पाड्यावरचा आजार बैठकीपर्यंत पोचतच नाही.

प्रोसिडिंग वाचताना एक गोष्ट पाहा. तोच मजकूर महिन्यामागून महिने उतरवलेला आहे का? "विषय क्र. १, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे" आणि खाली सह्या, एवढंच असेल, तर बैठक प्रत्यक्षात झालेली नाही असं समजायला हरकत नाही. यावरून भांडण काढू नका. पुढच्या महिन्यापासून बैठक घ्या.

बैठक महिन्यातून एकदा, आणि ती अंगणवाडीच्या दिवसाला जोडून

आरोग्य समितीची बैठक दर महिन्याला व्हायला हवी. वेगळा दिवस ठरवला की कुणी येत नाही. त्यापेक्षा गावात महिन्यातून एकदा ग्राम आरोग्य व पोषण दिवस असतोच. त्या दिवशी सिस्टर लसीकरणाला येतात, गरोदर बायका तपासणीला येतात, मुलांची वजनं होतात. आधी तास-दोन तास तिथे जाऊन बसा आणि त्यानंतर तिथेच बैठक घ्या.

बसून काय बघायचं? वजनकाटा शून्यावर येतो का. बीपीचं मशीन आहे आणि ते वापरलं जातंय का. पोट तपासायला आडोसा आहे का, की सगळ्यांसमोर तपासणी चाललीय. हिमोग्लोबिन तपासून कार्डावर आकडा लिहिला जातो का. मुलाच्या दंडाला गुंडाळायची ती पट्टी सेविकेकडे आहे का. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर पट्टी लाल दाखवते, म्हणजे ते मूल तीव्र कुपोषित आहे. ११.५ ते १२.५ च्या मधलं मूल पिवळ्यात येतं. दोन्ही पायांवर सूज असेल तर दंडघेर कितीही भरो, मूल धोक्यात आहे. लाल पट्टीतलं मूल खात-पीत असेल तर ग्राम बाल विकास केंद्रात घेता येतं. ते आजारी असेल किंवा अन्न घेत नसेल तर दवाखान्यातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवावं लागतं, तिथे आईलाही सोबत राहावं लागतं. आई तिकडे राहायला तयार नसते, कारण घरी दुसरी मुलं आणि शेतात मजुरी असते. तिची अडचण सोडवणं हे समितीचं खरं काम आहे. घरच्या मुलांना साधारण दोन आठवडे कोण सांभाळेल, हे बैठकीत ठरू शकतं. डॉक्टरांना ते ठरवता येत नाही.

पाणी

पाण्याची तपासणी शिकायला एक सकाळ पुरते. पाणी शुद्ध करायची ब्लिचिंग पावडर, म्हणजेच टीसीएल, उघड्या पोत्यात ठेवली की तिची ताकद जाते. क्लोरीन २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर टाकून उपयोग नाही. जलसुरक्षकाबरोबर (गावचं पाणी तपासणाऱ्या माणसाबरोबर) टाकीपाशी नव्हे, तर पाइपलाइनच्या शेवटच्या घरी जा आणि तिथल्या नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करायला सांगा. औषधाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन तिथपर्यंत पोचलंय. रंगच आला नाही, तर टाकीवर कितीही पावडर टाकलेली असो, त्या घरातल्या मुलांना जुलाबाचा धोका आहेच. महाराष्ट्रात वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाण्याच्या स्रोतांची पाहणी होऊन गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. तुमच्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे आणि का, हे ग्रामसभेत वाचून दाखवा.

प्रश्न कसा विचारायचा

यात महाराष्ट्राकडे शिकण्यासारखा स्वतःचा अनुभव आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झालं. त्याखाली २००७ मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचं धाराशिव), पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख प्रक्रिया सुरू झाली. पुण्याच्या 'साथी' संस्थेकडे राज्य पातळीवरच्या समन्वयाचं काम होतं. गावकऱ्यांनी स्वतः आरोग्य सेवांना लाल, पिवळे, हिरवे शेरे दिले, तक्ते गावात लावले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडले. औषधं बाहेरून आणायला लावणं, पैसे मागणं, उपकेंद्राला कुलूप असणं हे तोपर्यंत नशिबाचे भोग समजले जायचे. लोकांनी ते कागदावर आणलं आणि त्याला उत्तर द्यावं लागलं.

तुम्ही जनसुनवाईपासून सुरुवात करायची गरज नाही. बैठकीआधी चार-पाच घरी जा, त्यातली निदान दोन दूरच्या वस्तीवरची निवडा. मागच्या तीन महिन्यांत ज्यांच्या घरी बाळंतपण झालं त्यांना विचारा: गाडी मिळाली का, कुणी पैसे मागितले का, गोळ्या बाहेरून आणाव्या लागल्या का, घरी कशा आलात? जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, दवाखान्यातलं जेवण आणि घरून दवाखान्यात व परत घरी सोडणं, सगळं मोफत आहे. "परत घरी सोडणं" हे बहुतेकांना माहीतच नसतं. बाळ कुशीत घेऊन वडापमधून आलेली बाळंतीण प्रत्येक गावात भेटेल.

मग ते बैठकीत मांडा, पण तक्रारीच्या सुरात नको. "तीन बाळंतिणींपैकी दोघींना परतीची गाडी मिळाली नाही" असं वाक्य प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या. पुढे "कुणाला विचारायचं" आणि "कधीपर्यंत" हे दोन रकाने ठेवा. पुढची बैठक याच ओळीपासून सुरू करा. उत्तर आलं नसेल तर तेच वाक्य तारीख घालून पुन्हा लिहा. तीन महिन्यांत हललं नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना समितीच्या सहीचं पत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच नसलेलं पत्र दिलंच नव्हतं असं धरलं जातं, हे नवीन सदस्यांना फार उशिरा कळतं. पंधराशे लोकांच्या गावात वैद्यकीय अधिकाऱ्यांशी तोंडी बोलणं सोपं आणि गोड असतं. बोलाच, पण पत्रही द्या.

इथे एक कळकळीची विनंती आहे. बैठक म्हणजे आशाताईंची उलटतपासणी करू नका. तिला पगार नाही. तिला मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो, तोही अनेकदा थकलेला असतो. ती याच गावची सून आहे आणि सगळ्या साखळीत तिचा आवाज सर्वांत बारीक आहे. गाडी आली नाही, औषध संपलं, सिस्टरची जागा रिकामी आहे, यातलं काहीच तिच्या हातात नाही. तिच्यावर ओरडून अध्यक्षांचं वजन वाढत नाही आणि तिने खरं सांगणं तेवढं थांबतं. गावात मातामृत्यू किंवा बालमृत्यू झाला तर हे अधिक जपायला हवं, कारण त्या वेळी दोषी शोधायची घाई प्रत्येकाला असते.

पैसे

समितीच्या खात्यावर वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधी, म्हणजे समितीने स्वतः ठरवून खर्चायचा पैसा, येतो. तो दरवर्षी पुरता येईलच असं नाही. आधीचा खर्च झाला का आणि उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे कशावर खर्च झाले याचा दाखला) गेलं का, यावर बरंच अवलंबून असतं. सह्या कुणाच्या चालतात ते पहिल्याच बैठकीत विचारून घ्या. खर्च बैठकीत ठरवून, पावतीसह करा: वजनकाटा दुरुस्ती, आडोशाचा पडदा, गरीब रुग्णाला तातडीने हलवणं, डासांची पैदास थांबवण्याची कामं. या पैशांतून बॅनर छापू नका.

मोठा पैसा दुसरीकडे असतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. तो कशावर गेला, हे मासिक सभेत विचारा. 'आमचा गाव, आमचा विकास' या ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात आरोग्याची कामं घालायची असतील तर आराखडा होतानाच सांगावं लागतं. नंतर कितीही आर्जवं केली तरी वर्ष हातचं जातं. ग्रामसभेआधी महिला सभा व्हायला हवी असं कायदाच सांगतो. तिथला ठराव घेऊन ग्रामसभेत गेलात तर एकट्या पडणार नाही.

आता बाल संरक्षण समिती

ही समिती एकात्मिक बाल संरक्षण योजनेतून आली, आता ती केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेखाली चालते. सरपंच अध्यक्ष, आणि सोबत अंगणवाडी सेविका, आशा, शिक्षक अशी मंडळी. मुलांचे दोन प्रतिनिधीही असायला हवेत. त्यांना सहीपुरतं बोलावू नका. शाळेच्या रस्त्यावर कुठे अंधार असतो, कुठल्या टपरीपाशी मुली वाट बदलतात, हे मोठ्यांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.

रोजचं काम यादीचं आहे. शाळा सोडलेली मुलं, आई-वडिलांपैकी एक किंवा दोघं गमावलेली मुलं, आजी-आजोबांकडे ठेवलेली मुलं, हॉटेलात-वीटभट्टीवर कामाला जाणारी मुलं. यादी झाली की मदत शोधता येते. उदाहरणार्थ, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत पात्र मुलासाठी महिना २,२५० रुपये मिळतात. अर्जाला कागद फार लागतात आणि विधवा आईला ते जमवताना मजुरी बुडवावी लागते. समितीतल्या एकाने तिच्याबरोबर तालुक्याला जावं.

कोणाकडे जायचं याचा घोळ इथे हमखास होतो. अंगणवाडीचं खातं जिल्हा परिषदेकडे आहे, त्याचे तालुक्याचे अधिकारी म्हणजे बाल विकास प्रकल्प अधिकारी. जिल्हा बाल संरक्षण कक्ष मात्र जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येतो, आणि त्यांचं कार्यालय जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागापेक्षा वेगळं आहे. नावं सारखी असल्याने माणूस चुकीच्या इमारतीत दिवस घालवतो. दोन्हींचे फोन नंबर अंगणवाडीच्या भिंतीवर लिहून ठेवा. त्याखाली १०९८, म्हणजे मुलांसाठीची हेल्पलाइन, मोठ्या अक्षरात लिहा.

बालविवाहाची खबर लागली तर

मुलीचं वय १८, मुलाचं २१, हे सगळ्यांना पाठ आहे. २००६ च्या कायद्यात बालविवाह लावणाऱ्याला आणि त्याला मदत करणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या राज्यात ग्रामीण भागात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. त्यामुळे "आम्हाला अधिकार नाही" हे उत्तर गावात चालत नाही.

खबर लागली की वयाचा पुरावा शाळेतून काढा, तारीख आणि ठिकाण कळून घ्या, आणि १०९८ वर किंवा पोलिसांना कळवा. खबर देणाऱ्याचं नाव कुठेही येऊ देऊ नका, समितीतही नाही. नातलग गावातच असतात. कोर्टाकडून मनाई हुकूमही मिळवता येतो, आणि हुकूम असताना लावलेलं लग्न कायद्याने लग्नच ठरत नाही.

सगळे जण जिथे थांबतात ती जागा म्हणजे हमीपत्र. आई-वडील 'वय होईपर्यंत लग्न लावणार नाही' असं लिहून देतात, फोटो निघतो, बातमी येते आणि आठवड्याने मामाच्या गावी लग्न उरकतं. म्हणून मुलीला बाल कल्याण समितीसमोर (ही जिल्ह्याची वेगळी समिती, गावची बाल संरक्षण समिती नव्हे) नेण्याचा आग्रह धरा. नंतर महिन्या-दोन महिन्यांनी ती शाळेत येते का, ते शिक्षकांना विचारा. लग्न का ठरवलं होतं, तेही शांतपणे ऐकून घ्या. बहुतेक वेळा दहावीनंतर शाळा लांब आहे, एसटी नाही किंवा आई-बाप कारखान्यावर जाणार आणि पोर घरी एकटी राहणार, हे कारण असतं. त्यावरचा उपाय पंचायतीच्या आवाक्यात असू शकतो.

लैंगिक अत्याचाराची गोष्ट कानावर आली तर

इथे समितीने बैठक घ्यायची नाही. हे वाक्य दोनदा वाचा. चौकशी करायची नाही, मुलाला समोर बसवून विचारायचं नाही, ज्याच्यावर आरोप आहे त्याला बोलावून समज द्यायची नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे माहिती असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. "गावातच मिटवू" म्हणणारे वडीलधारे भले समजूतदार दिसोत, ते स्वतःही अडचणीत येतात आणि मुलाला त्याच माणसाच्या शेजारी जगायला लावतात.

मूल तुमच्याशी बोललं असेल तर ऐकून घ्या, "बरं केलंस सांगितलंस" म्हणा आणि खोदून विचारू नका. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. मग १०९८, ११२ किंवा पोलीस ठाणं. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला मोकळं वाटेल अशा जागी घेता येतो, अधिकारी गणवेशात नसावेत, मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. गुन्हा नोंदवायचा बाकी असला तरी वैद्यकीय तपासणी करता येते, मुलीची तपासणी महिला डॉक्टरांनी करायची असते. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं, ते झालं का हे तुम्ही विचारू शकता.

नाव, शाळा, आईवडिलांचं नाव, घराचा फोटो, काहीही व्हॉट्सअ‍ॅपवर जाता कामा नये. पीडित मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. प्रोसिडिंगमध्येही "एका बालकाबाबत जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवले" आणि तारीख, इतकंच लिहा. गाव छोटं असेल तर वय आणि वस्तीसुद्धा लिहू नका.

दिवाळीआधीची एक यादी

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला टोळ्या निघतात तेव्हा दोन्ही समित्यांचं काम एकाच घरात येतं. बाळाची लस अर्धी राहते, गरोदर बाई फडात जाते, थोरली पोर धाकट्यांना सांभाळायला शाळा सोडते. दसऱ्याला मुकादमाची (टोळी नेणाऱ्याची) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली घरं कोणती, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. तेव्हाच आशा, सेविका आणि मास्तरांनी एकत्र बसून यादी करावी: कोण जाणार, कोणत्या कारखान्याला, सोबत किती लेकरं, कोण गरोदर. प्रत्येक आईच्या पिशवीत माता व बाल संरक्षण कार्ड आहे का ते डोळ्यांनी बघा. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत गेला का, ते मुख्याध्यापकांना सप्टेंबरातच विचारा, कारण टोळी निघाल्यावर मंजुरी येऊन उपयोग नसतो. यादीची एक प्रत पंचायतीत ठेवा, आणि मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परतल्या की तीच यादी हातात घेऊन पुन्हा त्याच घरांना जा.